अमेरिकेचा थर्मोस्टॅट पिल्लांच्या शेडला चालतो काय? दुसरा डबा टक् करतोय, खरं बल्ब लागत नाही

शेडवाला खानापूर:

नमस्कार मंडळी. जांबोटी रोडला आमचं पोल्ट्रीचं लहान शेड आहे, घरापासून साठेक मीटर आत, काजूच्या झाडांच्या पलीकडं. नागपंचमी झाली की दीड हजार पिल्लांची बॅच उतरायची आहे. ऊब द्यायला २५० वॅटचे बारा इन्फ्रारेड बल्ब आहेत आणि ते चालू-बंद करायला आमचे बाबा. श्रावणात आमच्याकडं पाऊस कसा लागतो ते ह्या भागातल्यांना सांगायला नको. रात्री दीड-दोनला छत्री धरून शेडवर जायचं, पिल्लं बघायची, चार बल्ब वाढवायचे नाहीतर कमी करायचे आणि परत यायचं. बाबा सत्तरीच्या पुढं गेलेत, मी मच्छेत कारखान्यात शिफ्टला. म्हणून यंदा हे काम थर्मोस्टॅटकडं द्यायचं ठरवलंय.

आमचे भाऊजी टेक्सासला असतात. मे महिन्यात आले तेव्हा एक स्मार्ट थर्मोस्टॅट घेऊन आले. वस्तू देखणी आहे, गोल, काचेची. हीटिंग आणि कूलिंग दोन्ही ह्याच्यावर होतं म्हणाले. पाठीमागं छोट्या खटक्यांची पट्टी, त्यावर आर, डब्ल्यू, वाय, जी, सी अशी अक्षरं. व्हिडिओ बघितले तर सगळ्यांच्या भिंतीतून रंगीत वायरींचा झुबका बाहेर आलेला असतो. आमच्या शेडच्या भिंतीतून आजवर पालीशिवाय काही बाहेर आलेलं नाही.

ते जमेना म्हणून ऑनलाइन एसटीसी-१००० नावाचा थर्मोस्टॅटचा डबा मागवला. गावातल्या वायरमननं जोडून दिला. १-२ ला लाईट, ३-४ ला सेन्सर, ५-६ ला बल्बांच्या दोन वायरी, ७-८ ला एक्झॉस्ट फॅनच्या दोन वायरी. चालू केल्यावर आकडा बरोबर दिसतोय, सेट ३३ आणि शेडात २४. हीटिंगचा बारका दिवा लागतो, आत टक् आवाज येतो. खरं बल्ब काही लागत नाहीत. मल्टिमीटर ५ आणि ६ वर धरला तर शून्य. विकणारा म्हणतो पीस डिफेक्टिव्ह आहे, परत पाठवा. वायरमन म्हणतो चायनाचा माल असलाच.

दोनच प्रश्न. अमेरिकेचा थर्मोस्टॅट कसातरी लावता येतो काय? आणि हा डबा परत पाठवू की नको?

उद्यमबागचा वायरमन:

पाठवू नका. पीस चांगला आहे.

तुमच्या वायरमननं ५-६ ला प्लगपॉइंट समजलंय, तिथनं लाईट बाहेर येईल म्हणून. तिथनं काही येत नाही. ५ आणि ६ म्हणजे आतल्या रिलेची, म्हणजे विजेनं आपोआप चालू-बंद होणाऱ्या बटणाची, दोन टोकं, भिंतीवरच्या बटणाला मागं दोन स्क्रू असतात तसली. बटण स्वतः लाईट देत नाही, एका बाजूनं फेज आला तर दुसऱ्या बाजूनं सोडतं. ७-८ चं पण तेच. आम्ही ह्याला ड्राय कॉन्टॅक्ट म्हणतो. १ आणि २ ला दिलेली लाईट फक्त डब्याच्या स्वतःच्या पोटाला आहे, ती आतनं ५ ला जोडलेली नसते. तेव्हा एमसीबीतनं (जादा करंट गेला की आपोआप पडणारं बटण) येणाऱ्या फेजची एक वायर ५ ला द्यायची, ६ मधनं बल्बाकडं जायचं, आणि बल्बाचा न्यूट्रल सरळ न्यूट्रल पट्टीवर. झालं, लागतोय बल्ब.

खरं हे वाचून लगेच स्क्रूड्रायव्हर उचलू नका, पुढचं वाचा. तिथंच शेडं जळतात.

बारा बल्ब गुणिले २५० म्हणजे तीन हजार वॅट. २३० व्होल्टला तेरा अँपिअर. डब्यावर रिलेचं लिहिलंय १० अँपिअर. म्हणजे हिशेबातच बसत नाही. त्यात फिलामेंटचा बल्ब थंड असताना त्याचा रोध अगदी कमी असतो, लागायच्या क्षणी तो चालू करंटच्या दहापट आणि वर ओढतो. क्षणभरच, खरं तेवढ्यात रिलेच्या आतले बारके कॉन्टॅक्ट वेल्ड होऊन चिकटतात. चिकटला की डब्यावरचा दिवा विझलेला, आकडा ३३ च्या वर चाललेला, आणि बल्ब रात्रभर चालूच. बाबा झोपलेले. सकाळी काय दिसेल ते मी लिहीत नाही.

मी तीस-पस्तीस वर्षं पॅनल बनवायचं काम केलं, फाउंड्रीच्या भट्ट्यांचे, कोटिंगच्या ओव्हनचे, हायड्रॉलिक प्रेसचे. थर्मोस्टॅट कुठला घेऊ हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतो. मी उलटं विचारतो: लोड किती, आणि हा बिघडला तर तुमचं काय जातं? थर्मोस्टॅट काही गरम करत नाही आणि गार पण करत नाही. तो फक्त चालू-बंद म्हणतो. त्याचं म्हणणं दुसऱ्या कुणीतरी उचलून न्यावं लागतं. तो दुसरा म्हणजे कॉन्टॅक्टर, आतल्या कॉइलला लाईट मिळाली की मोठा करंट जोडणारं दणकट बटण.

दोन कॉन्टॅक्टर घ्या, एक बल्बांना, एक फॅनला. बल्बांचा घेताना त्याच्यावर दोन आकडे असतात ते वाचा. एसी-३ पुढचा आकडा मोटरसाठी, एसी-१ पुढचा हीटरसारख्या साध्या लोडसाठी. नऊ अँपिअरचा म्हणून विकतात तो एसी-३ चा आकडा, एसी-१ ला तोच वीस-पंचवीसचा असतो. तुमचे बल्ब आहेत, ते लागताना ओढतात, म्हणून काठावरचा घेऊ नका. एसी-१ ला ३२ च्या आसपासचा मागा. पैशाचा फरक फार नाही. फॅनची मोटर सिंगल फेज कपॅसिटरवाली असणार, ती सुरू होताना पाच-सहा पट ओढते, म्हणून तिलाही कॉन्टॅक्टरच, डब्यातनं थेट नको.

जोडणी अशी. एमसीबीतनं फेज ५ ला, आणि त्याचाच लूप ७ ला. ६ मधनं बल्बांच्या कॉन्टॅक्टरच्या ए-१ ला (ए-१ आणि ए-२ ही कॉइलची दोन टोकं). ८ मधनं फॅनच्या कॉन्टॅक्टरच्या ए-१ ला. दोन्हीचे ए-२ न्यूट्रलला. आता डब्याच्या रिलेतनं फक्त कॉइलचा करंट जातो, तो मिलिअँपिअरमधला मामला, रिले वर्षानुवर्षं टिकतो. बल्बांची जाड वायर कॉन्टॅक्टरच्या मेन टोकांतनं, फेज पण तोडायचा आणि न्यूट्रल पण. ओल्या शेडात बल्ब बदलणारा माणूस भिजलेल्या पायानं उभा असतो, दोन्ही तुटलेले बरे.

बारा बल्ब एकाच एमसीबीवर ठेवू नका. सहा-सहाचे दोन गट करा, दोन १० अँपिअरचे एमसीबी. एक गट उडाला तर निम्मी ऊब तरी राहते. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारं बटण) ब्रूडिंगच्या, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या लाईनीला वेगळा ठेवा. शेड धुवायची मोटर, पाण्याचा पंप, आणि हे सगळं एकाच आरसीसीबीवर असेल तर कुठंतरी पंपात पाणी शिरतं आणि इकडं पिल्लं गारठतात.

साठ मीटरवर वायर किती जाडीची ओढलीय ते तुम्ही लिहिलं नाही. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल तर तेरा अँपिअरला जाऊन-येऊन अकरा-बारा व्होल्ट वाटेतच जातात. चारची ओढा, सात व्होल्टवर येतंय. पीव्हीसी पाइपातनंच न्या, भाताच्या तुसाला उंदीर येतात आणि उंदराला वायर आवडते. हेस्कॉमच्या (आमच्या वीज कंपनीच्या) बिलावर मंजूर लोड लिहिलेला असतो, त्यात हे तीन किलोवॅट बसतात काय तेही बघून ठेवा. आणि शेतपंपाच्या लाईनीवर शेड जोडायचा विचारही करू नका. ती फुकटची वीज पंपासाठी आहे आणि ती येते ठरलेल्या तासांपुरती. पिल्लांना चोवीस तास ऊब लागते.

पॅनलचा डबा बंद झाकणाचा, रबराची गास्केटवाला, शेडच्या बाहेरच्या अंगाला पत्र्याखाली लावा. आतल्या अमोनियानं तांबं हिरवं पडतंय.

आता सेटिंग. एफ-१ म्हणजे पाहिजे ते तापमान. एफ-२ म्हणजे फरक. एफ-१ ला ३३ आणि एफ-२ ला १ ठेवला तर ३२ ला बल्ब लागतात, ३३ ला विझतात, ३४ ला फॅन लागतो आणि ३३ ला परत बंद. फरक अर्ध्यावर ठेवला तर दर दोन मिनिटाला कॉन्टॅक्टर ठोकतोय, नको. एफ-३ म्हणजे कूलिंगचा उशीर. तो फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी दिलाय, तीन मिनिटांवर येतो, तुमचा नुसता फॅन आहे, एकवर आणा. आणि डबा चालू केल्या केल्या फॅन लागत नाही म्हणून घाबरू नका, तो तेवढं थांबणारच. एफ-४ म्हणजे सेन्सरची दुरुस्ती. साधा थर्मामीटर सेन्सरशेजारी टांगा, अर्धा तास थांबा, फरक दिसला तर तेवढा भरा.

सेन्सरची वायर आखूड येते. वाढवली तर चालते, दोन कोरची कुठलीही बारीक वायर, उलटसुलट जोडली तरी फरक नाही. आत एनटीसी आहे (तापला की रोध कमी होणारा सेन्सर), २५ अंशाला दहा हजार ओमचा, अंशाला चारशेएक ओमनं बदलणारा. दहा मीटर वायरीचा ओम-दोन ओम त्याच्या खिजगणतीत नाही. फक्त ती बल्बांच्या वायरीला चिकटवून, एकाच पाइपातनं नेऊ नका, आकडा नाचतो. जोड सोल्डर करून, वर श्रिंक स्लीव्ह.

आणि एक गोष्ट जी कोणी करत नाही. कॅपिलरीचा साधा मेकॅनिकल थर्मोस्टॅट मिळतो, तांब्याच्या बारीक नळीचा, गोल नॉबवाला. तो ३८ वर ठेवून त्याच्यावर एक वेगळा कॉन्टॅक्टर चालवा आणि बल्बांची लाईन त्याच्यातनं पण घ्या. म्हणजे पहिला कॉन्टॅक्टर चिकटला तरी दुसरा तोडतो. एकाच कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये लावला तर तो डबा बिघडल्यावर उपयोगाचा, कॉन्टॅक्टरच चिकटला तर नाही. काय पाहिजे ते तुम्ही ठरवा, मी असतो तर दोन लावले असते.

अमेरिकेच्या थर्मोस्टॅटचं दुसऱ्या कुणीतरी सांगा, माझा हात त्यात नाही. एवढंच सांगतो, त्याला २३० दाखवू नका.

शहापूर ते ओहायो:

मी सांगतो. मूळचा शहापूरचा, इकडं घरांच्या हीटिंग-कूलिंगचीच कामं करतो.

काका बरोबर बोलले, २३० दाखवलात तर ती काच पहिल्या सेकंदाला मरेल. तो २४ व्होल्टचा आहे. इथल्या घरात तळघरात फर्नेस (घर तापवायची भट्टी), बाहेर अंगणात कॉम्प्रेसरचं युनिट, आणि दोघांची हवा सगळ्या खोल्यांत पोचवणारा एकच ब्लोअर असतो. फर्नेसच्या आत एक ट्रान्सफॉर्मर, १२० व्होल्टचे २४ व्होल्ट एसी करणारा, बहुतेक ठिकाणी ४० व्हीएचा. त्याचं एक टोक म्हणजे आर, दुसरं टोक म्हणजे सी. थर्मोस्टॅटनं आर ला डब्ल्यू जोडला की फर्नेस पेटते. आर ला वाय जोडला की बाहेरचा कॉम्प्रेसर, जी जोडला की ब्लोअर. म्हणजे हाही काकांनी सांगितल्यासारखा नुसता बटणवालाच. मोठा करंट उचलायचं काम फर्नेसच्या बोर्डाचं आणि बाहेरच्या कॉन्टॅक्टरचं, म्हणून भिंतीतल्या वायरी १८ गेजच्या, दोऱ्यासारख्या.

जुन्या पाऱ्याच्या थर्मोस्टॅटला स्वतःला वीज लागत नव्हती, पाऱ्याची नळी कलली की काम झालं. स्मार्टला स्क्रीन आणि वायफाय आलं, सतत वीज पाहिजे, म्हणून सी वायर पाहिजे. जुन्या घरांत ती ओढलेलीच नसते. तुम्ही बघितलेले निम्मे व्हिडिओ त्याच रडगाण्याचे असणार.

आणि व्हिडिओ बघून रंग उचलू नका. इकडच्या थर्मोस्टॅटच्या केबलीत हिरवी वायर बहुधा ब्लोअरची असते. आपल्याकडं हिरवी म्हणजे अर्थिंग. दोन्ही डोक्यात एकत्र झाले की घोटाळा.

आता लावता येईल काय? येईल. तिकडंच मिळणारा २३० ते २४ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर, त्याचं एक टोक आर ला, दुसरं सी ला. डब्ल्यू मधनं २४ व्होल्ट एसी कॉइलच्या रिलेकडं, रिलेचं दुसरं टोक सी ला, आणि त्या रिलेनं तुमचा कॉन्टॅक्टर चालवायचा. इकडनं ट्रान्सफॉर्मर मागवू नका, तो १२० वर चालणारा, तुमच्या लाईटीवर धूर काढेल.

खरं लावू नका. दोन कारणं. एक, घरगुती थर्मोस्टॅट बहुतेक ९० फॅरनहाइटच्या वर सेटच होत नाहीत, म्हणजे ३२ सेल्सिअस. माणसांच्या बैठकीच्या खोलीसाठी केलेलं यंत्र आहे, त्याला ३३ पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही. दुसरं कारण जास्त वाईट. काही स्मार्ट थर्मोस्टॅट घरात हालचाल दिसली नाही की मालक बाहेर गेला असं समजून आपणहून ऊब कमी करतात, वीज वाचावी म्हणून. तुमची दीड हजार पिल्लं त्याच्या हिशेबात माणसं नव्हेत.

घरातल्या स्प्लिट एसीला लावू असंही मनात आणू नका. तिथं आर-वाय काही नसतं, सेन्सर आणि बोर्ड एसीच्या आतच, बाहेरून रिमोट. भाऊजींना पुढच्या खेपेला परत द्या, इथं कुणीही घेईल.

निपाणीची वहिनी:

वायरीचं मला कळत नाही, आमच्याकडं ते मिस्टर बघतात. खरं वर सगळ्यांनी वायरीच बघितल्या, पिल्लाचं कोण बोललंच नाही.

पिल्लाला पहिले दहा-बारा दिवस स्वतःची ऊब धरता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात ३२-३३, मग आठवड्याला अडीच-तीन अंश उतरवत न्यायचं, चोविशीपर्यंत आलं की सोडून द्यायचं. म्हणजे तुमचा एफ-१ एकदा भरून विसरायचा नाही. आमच्या शेडात दारावर खडूनं लिहून ठेवतो, कुठल्या तारखेला किती. ह्या डब्याला तारीख कळत नाही.

दुसरं, सेन्सर कुठं टांगताय? आमच्याकडं आलेल्या पोरानं तो छान उंचावर, डोळ्यासमोर लावला होता, आकडा बघायला सोपं म्हणून. वरती ३४ आणि खाली तुसावर पिल्लं गारठून एकमेकांवर चढलेली. पिल्लाच्या पाठीच्या उंचीला पाहिजे, तुसापासून चार बोटं वर, आणि बल्बच्या झोतात नको. झोतात धरला तर सेन्सर बल्ब मोजतो, शेड नाही. चिकगार्डच्या (पिल्लांभोवती गोल उभा करतात तो पत्रा) आत, बल्ब आणि पत्र्याच्या मध्ये आम्ही टांगतो, जाळीच्या लहान डब्यात, नाहीतर पिल्लं टोचतात.

आणि आकडा काही म्हणू दे, पिल्लं बघा. बल्बाखाली गर्दी करून चिवचिव करालीत तर थंडी आहे. पत्र्याला चिकटून चोच उघडी ठेवून पंख पसरलेत तर गरम होतंय. सगळी एकाच बाजूला सरकलीत तर दुसऱ्या बाजूनं वारा शिरतोय, पडदा बघा. सगळीकडं विखुरलेली, काही खात्यात काही झोपलीत, तर डबा बरोबर आहे.

आता फॅन. तुमच्या डब्यात फॅन ३४ झाल्यावर लागणार. श्रावणात जांबोटीकडं बाहेर वीस-बावीस, शेड ३४ ला जाणार कधी? म्हणजे दिवसेंदिवस फॅन लागायचाच नाही. पडदे बंद, बल्ब चालू, खाली तूस ओलं, आणि अमोनिया साठत राहतो. सकाळी दार उघडल्यावर तुमचे डोळे झोंबले म्हणजे पिल्लं रात्रभर त्यातच होती. वीस-पंचवीस पीपीएमच्या वर गेला की पिल्लाचे डोळे आणि श्वास दोन्ही बिघडतात असं आमचे डॉक्टर सांगतात. आम्ही फॅनला सायकलचा टायमर लावलाय, पाच मिनिटांत अर्धा-पाऊण मिनिट चालतो, मग गप्प. तापमान किती का असेना. त्यानं ऊब थोडी जाते, जाऊ दे. ऊब परत येते, फुप्फुस येत नाही.

बॅच यायच्या आदल्या दिवशी सगळे बल्ब लावून तूस तापवून घ्या, पावसात तर दीड दिवस आधी. हवा तापली तरी जमीन थंड असते आणि पिल्लू जमिनीवर उभं असतं.

बल्ब साखळीनं टांगा. वायरीवर टांगलेला बल्ब तुसावर पडला की संपलं.

शेडवाला खानापूर:

काका, वहिनी, ओहायोचे दादा, तिघांनाही नमस्कार. ५ ला फेज देऊन एक बल्ब लावून बघितला, लागला. वायरमन अजून म्हणतोय चायनाचा माल.

बाबांना वहिनींचा निरोप वाचून दाखवला. म्हणाले, हेच तर मी चाळीस वर्षं सांगतोय, तुम्हाला डब्यातनं कळलं.

आता नवा त्रास. काकांनी सांगितल्याप्रमाणं २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर आणून घरातल्या बोर्डावर लावून बघितला. दुपारी बरोबर ओढतो. संध्याकाळी सात-साडेसातला फटफटफट आवाज करत थरथरतो, कधी ओढतच नाही. मीटर लावला तर १८० दाखवतोय. आम्ही लाईनीच्या टोकाला आहे, संध्याकाळी सगळ्यांचे मिक्सर-मोटरी चालू. आणि रात्री लाईटच गेली तर काय, हे पण सांगा. यूपीएसवर तीन किलोवॅट चालवायची आमची ऐपत नाही.

उद्यमबागचा वायरमन:

कॉन्टॅक्टरची कॉइल लिहिलेल्या व्होल्टच्या ८५ टक्क्यांपर्यंत ओढायची हमी देते. २३० चे ८५ टक्के म्हणजे १९५. तुमच्याकडं १८०, मग ती अर्धवट ओढते, सोडते, परत ओढते. त्या फटफटीत मेन कॉन्टॅक्ट ठिणग्या टाकून जळतात. तसं एक तासही चालवू नका.

तीन किलोवॅटचा स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. स्टॅबिलायझर फक्त कंट्रोलच्या लाईनीला द्या, म्हणजे डब्याचे १-२, ५ आणि ७ ला जाणारा फेज, आणि कॉइलचा न्यूट्रल. हे सगळं मिळून शंभर वॅटच्या आत. टीव्हीला लावतात तसला लहान स्टॅबिलायझर पुरतो, फक्त तो १६०-१७० पासून चालणारा आहे काय ते पाठीवर वाचून घ्या. बल्बांची जाड लाईन आहे तशीच राहू दे.

खरं बल्बाला १८० मिळाले तर तो ऊबही कमी देणार, दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे तुमचे बारा बल्ब संध्याकाळी आठ बल्बांचं काम करणार. पिल्लामागं पावसाळ्यात दोन वॅट धरतात, दीड हजाराला तीन हजार, तुमचा हिशेब पूर्ण व्होल्टेजला अगदी बरोबर आहे आणि १८० ला कमी पडतो. तेव्हा आणखी चार बल्ब तिसऱ्या गटात वेगळे ठेवा, त्यांना वेगळा एमसीबी. कॉन्टॅक्टर ३२ चा सांगितलाय तो ह्या सोळांनाही पुरतो. मात्र चारच्या वायरीवरचा आणि मंजूर लोडचा हिशेब सोळा बल्बांनी परत करा.

लाईट गेल्यावर बल्बाचा काही उपाय नाही, गॅसचा ब्रूडर भरलेला ठेवा, आणि तो लावायला माणूस उठला पाहिजे. माणूस उठायला घंटी पाहिजे. २३० व्होल्ट एसी कॉइलचा एक लहान रिले घ्या, त्याची कॉइल कायम लाईटीवर. त्याच्या एनसी कॉन्टॅक्टमधनं बारा व्होल्टची बॅटरी आणि हूटर. लाईट आहे तोवर कॉइल ओढून ठेवते, हूटर गप्प. लाईट गेली की रिले सुटतो, एनसी जुळतो, घरात हूटर वाजतो. शेडापासून घरापर्यंत दोन कोरची बारीक वायर. मोबाईलवर मेसेज येणारे पण मिळतात, खरं पावसात जांबोटी रोडला रेंज असते काय ते तुम्हालाच माहीत.

हा रिले स्टॅबिलायझरच्या आउटपुटला जोडा, इनपुटला नाही. म्हणजे लाईट आहे खरं स्टॅबिलायझरनं कटऑफ केलाय, आरसीसीबी उडालाय, कंट्रोलचा एमसीबी पडलाय, ह्या तिन्हीला पण हूटर वाजेल. नुसत्या मेन लाईटीवर जोडलात तर घरात दिवा चालू, शेडात अंधार, आणि हूटर गप्प.

बल्बांचे गट मात्र त्याच्या बाहेर राहतात. त्यांच्यासाठी डब्यातच कमी तापमानाचा अलार्म असता तर बरं झालं असतं, ह्या मॉडेलला नाही. दुसरा साधा कंट्रोलर मिळतो एका रिलेचा. तो ३० वर ठेवून, त्याच्या आत तापमान उतरलं की रिले जुळेल असा लावा, त्याचा ड्राय कॉन्टॅक्ट हूटरच्या एनसीला पॅरलल. त्याचा सेन्सर वेगळा टांगा, पहिल्याच्या शेजारी नको, चिकगार्डच्या दुसऱ्या टोकाला. आठवड्याला एफ-१ उतरवाल तेव्हा हा पण तीन अंश उतरवायचा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात रात्रभर बोंबलेल.

वहिनींचा टायमर फॅनच्या कॉन्टॅक्टरला जोडताना त्याचा कॉन्टॅक्ट ७-८ ला पॅरलल. दोघांपैकी कुणीही म्हटलं की फॅन चालतो.

रिले घेताना दुकानात कॉइल २३० व्होल्ट एसी असं स्पष्ट सांगा आणि वाचून घ्या. बघायला सारखाच २४ व्होल्ट डीसीचा हातात देतात.